घरच्या पानावर मी एकटीच

३ मार्च, मंगळवार

हे मी बोलतेय आणि वरच्या मजल्यावरच्या बाई टाइप करतायत. बाई छत्तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होत्या. माणूस जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, फक्त खोकला सोडायचा, ही त्यांची शिस्त. कोर्टाने मोडीत काढलेलं मशीन त्यांनी घरी आणलंय. मी म्हटलं, बाई, मला अक्षर येत नाही, पण सांगण्यासारखं पुष्कळ आहे. त्या म्हणाल्या, माझं उलटं आहे. म्हणून आमचं जमलं.

तर आज मला घरात घेतलं. म्हणजे हाकललं.

खारू म्हणजे माझी नात. लहानपणी माझ्या मांडीला टेकून वेताचे तुकडे कुरतडायची, म्हणून खारूताई, पुढे नुसती खारू. मी चाळीस वर्षं खुर्च्यांच्या बैठका वेताने विणल्या. मुलाने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही, नातीने उचललं. आता ती गाडीने पाच तासांवरच्या शहरात स्वतःचं वर्कशॉप चालवते. स्वतःच मालक, स्वतःच हमाल. फोनवर तिच्या कामाचं पान आहे. तिथे ती विणतानाचे व्हिडिओ टाकते आणि ते बघून गिऱ्हाइकं येतात. मी रोज बघायची. मला अक्षर वाचता येत नाही, पण हात वाचता येतात.

गेल्या आठवड्यात तिने एका हॉटेलाच्या बारा खुर्च्या दाखवल्या. बघते तर काय, दुसरी तिरपी पट्टी चुकलेली! एक तिरपी उभ्या पट्ट्यांच्या खालून जाते, दुसरी वरून. हिने दोन्ही खालून नेलेल्या. दिसायला काही वाईट दिसत नाही, पण बसणाऱ्याने कूस बदलली की वेत वेतावर घासतो आणि वर्षभरात तुटतो. मी फोनवरचा माइक दाबला आणि व्हिडिओखाली बोलले, ‘खारू, दुसरी तिरपी चुकली. उसव. आणि केस विंचर, गिऱ्हाइकं बघतायत.’ फोनने ते तिथल्या तिथे लिहून टाकलं. अडीचशे माणसं हसली म्हणे. हॉटेलवाला हसला नाही. त्याने विचारलं, कुठली चुकली?

आज तिचा फोन आला.

‘आजी, कामाचं पान वेगळं आणि घरचं पान वेगळं असायला हवं. धंद्याचे धडे देणाऱ्या ताईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच ढिलाई केली. आता तुला कामाच्या पानावरून काढलंय आणि घरच्या पानावर घेतलंय.’

‘काढलंय म्हणजे?’

‘ते तुला दिसणार नाही.’

‘मग घरच्या पानावर काय दिसणार?’

‘आपलं घरचं. कोण कुठे गेलं, कुणी काय केलं.’

‘म्हणजे तुझ्या केसांबद्दल तिथे बोलायचं.’

‘हो, तिथे बोल.’ ती हसली, पण ते गिऱ्हाइकासमोरचं हसू होतं. मला तिची दोन्ही हसू ओळखता येतात.

हे लिहू नका, बाई. लिहिलंत? बरं.

६ मार्च, शुक्रवार

बाईंनी घरच्या पानावर कोण कोण आहे ते वाचून दाखवलं. मी, माझा मुलगा, सून, खारूची मावशी, दोन चुलतभाऊ, खारू आणि तिचा नवरा. आठ माणसं. शेवटचा फोटो पाच महिन्यांपूर्वीचा: खारू आणि नातजावई सोफ्यावर बसलेत, मधे एक उशी. त्याआधीचा सुनेने टाकलेला, कुंडीचा.

मी खाली बोलून ठेवलं, ‘कशी आहेस?’

बाकीचे आपापल्या कामाच्या पानावर असणार. सगळे कामाला गेले की घर कसं असतं, तसं ते पान आहे. मी दार उघडून बसलेय.

९ मार्च, सोमवार

सव्वासातला खारूला फोन केला. मागे पॉलिशपेपर घासल्याचा आवाज. म्हटलं, इतक्या सकाळी वर्कशॉपमध्ये? म्हणे हल्ली लवकर येते. नातजावई कसा आहे विचारलं तर म्हणाली, ‘आजी, गिऱ्हाईक आलंय, ठेवते.’

सव्वासातला गिऱ्हाईक! चाळीस वर्षांत माझ्याकडे दहाच्या आत चिटपाखरू फिरकलं नाही. पोरीचा धंदा जोरात आहे.

बाई मशीन थांबवून माझ्याकडे बघतायत. काय झालं? काही नाही म्हणतात.

११ मार्च, बुधवार

आज बाईंनी गंमत केली. त्यांना खारूचं कामाचं पान दिसतं, त्यांना कुणी हाकललेलं नाही. त्यांनी तिथे आपल्या स्टुलाबद्दल विचारलं. चार मिनिटांत उत्तर! ‘मॅडम, फोटो पाठवा, मी नक्की बघते.’ शेवटी एक फूल.

घरच्या पानावर मी ‘कशी आहेस’ विचारून पाच दिवस झाले. आजीला पाच दिवस, स्टुलाला चार मिनिटं. आणि वर फूल.

मग मी म्हटलं, बाई, मीही गिऱ्हाईक होते.

‘ही खोटी साक्ष होईल.’

‘तुम्ही शपथ कुठे घेतलीय? तुम्ही फक्त टाइप करायचं.’

पण गिऱ्हाईक व्हायचं तर मोडकी खुर्ची हवी, आणि विणणाऱ्या बाईच्या घरात मोडकी खुर्ची कुठून येणार? बाई म्हणाल्या, माझं स्टूल घ्या. स्टूल ओळखीचं झालंय. शेवटी मी स्वयंपाकघरातून सुरी आणली. टेबलाशी दोन खुर्च्या आहेत, एक माझी, एक समोरची. समोरच्या खुर्चीवर बसायला येतंय कोण! ताणलेल्या वेताला सुरी लागली की तो तारेसारखा वाजतो. सात पट्ट्या कापल्या. आठवीला हात धजावला नाही.

बाईंनी खुर्चीचा फोटो काढला. ‘तुमच्या पायाचा अंगठा आलाय यात.’

‘येऊ दे. अंगठ्यावर नाव लिहिलेलं नसतं.’

नव्या खात्याला नाव दिलं ‘जुनी खुर्ची’. पत्ता बाईंच्या घराचा.

१२ मार्च, गुरुवार

सहा मिनिटांत उत्तर आलं. स्टुलापेक्षा दोन मिनिटं जास्त, पण खुर्ची मोठी असते. बाईंनी वाचलं: ‘काकू, सुंदर काम आहे. ज्यांनी विणलंय त्यांचा हात फार चांगला. पण हे झिजून तुटलेलं नाही, कापलेलं दिसतंय.’

‘लिहा, मांजराने केलं.’

‘मांजराने?’ बाईंनी भुवया उडवल्या. उडवलेल्या भुवयाही टाइप करा.

दोन मिनिटांत परत: ‘मांजर सरळ रेषेत चालणारं दिसतंय. जपा हं त्याला.’

किती गोड बोलते गिऱ्हाइकाशी! मी हसले. मग खुर्चीतच जरा वेळ बसून राहिले. माझ्या.

१४ मार्च, शनिवार

आता रोज निरोप येतो. आज तिने विचारलं, ‘काकू, जिने चढउतार करता ना? गुडघा कसा आहे?’

बघा, धंदा असा करावा. प्रत्येक म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला गुडघा असणार हे हिला बरोबर ठाऊक. मी लिहायला सांगितलं, ‘उजवा जरा कुरकुरतो.’ उत्तर आलं, ‘उजवाच ना अजून? शेकत जा.’

बाई म्हणाल्या, ‘“अजून” असं म्हणालीय ती.’

‘मग? म्हातारपणात सगळं अजूनच असतं.’

बाईंनी मशीनवर झाकण घातलं.

१९ मार्च, गुरुवार

नव्या खात्यातून मला कामाचं पान पुन्हा दिसायला लागलं. आज पोटभर बघितलं. केस विंचरलेले आहेत. हात पूर्वीसारखाच, पट्टी ओढताना करंगळी बाहेर राहते, ती माझी खोड.

मागे भिंतीशी एक घडीची खाट उभी केलेली. दुपारी जरा पाठ टेकत असेल. ब्रशांच्या डब्यात दात घासायचा ब्रश होता. कोपऱ्यात पॉलिश भरायला तो फार चांगला, मीही वापरायची. खिळ्याला टॉवेल. शेगडीवर एक कप.

वर्कशॉप कसं घरासारखं ठेवलंय पोरीने, मी म्हटलं. बाईंचं मशीन थांबलं. मी म्हटलं, चालू द्या. त्या म्हणाल्या, तुम्ही तरी थांबा जरा. आणि चहा करायला उठल्या. त्यांच्या घरातही शेगडीवर एकच कप असतो, हे मी आज बघितलं.

२५ मार्च, बुधवार

आज मोठा निरोप आला. बाई उभ्या उभ्या वाचायला लागल्या आणि मधेच बसल्या. मी म्हटलं, हा निरोपच जसाच्या तसा उतरवा, माझं बोलणं नंतर.

‘काकू, चार दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. हॉटेलच्या बाराच्या बारा खुर्च्या उसवून पुन्हा विणल्या. माझ्या आजीने चूक दाखवली होती आणि मी तिच्यावरच चिडले. तिचं बरोबर होतं. हे तिला सांगायचं राहिलंय. तिला फोन केला की ती घरचं विचारते, आणि मला घर नाही. ऑक्टोबरपासून वर्कशॉपमध्येच राहते. आम्ही दोघं वेगळे झालो. भांडण असं नाही, एके दिवशी लक्षात आलं की मी दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलते आणि घरी गेल्यावर माझ्याकडे एक शब्द उरत नाही. त्याच्याकडेही उरत नव्हता. घरच्या पानावर टाकायला काही नाही म्हणून ते पान तसंच पडलंय. आई-बाबांना माहीत नाही. आजीला सांगितलं तर ती काही बोलणार नाही, नुसती गप्प होईल, आणि ते मला सोसणार नाही. तुम्ही गिऱ्हाईक आहात. घरचं कामाच्या पानावर आणायचं नाही हा माझाच नियम. पण तुम्हाला सांगावंसं वाटलं.’

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी वाचलं. मी म्हटलं, पुन्हा.

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी काय केलं ते टाइप करू नका. मी गप्प झाले.

२६ मार्च, गुरुवार

काय उत्तर द्यायचं, यावर सकाळ गेली. आजी म्हणून मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. ऐकलंय ‘जुनी खुर्ची’ने. आता गिऱ्हाईक असल्या वेळी काय म्हणतं?

बाईंनी मसुदा केला: ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’

‘बाई, ती मेलेली नाही.’

‘मग “सर्व काही ठीक होईल”?’

‘ते तर जाहिरातीत असतं.’

बाई चिडल्या. म्हणाल्या, छत्तीस वर्षं दुसऱ्यांचं उतरवलं, स्वतःचं काही लिहायची वेळ आली नाही, मला नका विचारू. मग मीही चिडले. मग आम्ही दोघींनी चहा घेतला, एकमेकींशी न बोलता.

काही पाठवलं नाही.

२९ मार्च, रविवार

आजही नाही. माइक दाबते, लाल ठिपका लुकलुकतो, आणि मला कळत नाही की मी कोण म्हणून बोलतेय. आजी बोलली तर तिला कळेल की परक्या बाईला विश्वासाने सांगितलेलं आजीच्या कानावर गेलं. एवढी एक जागा होती तिला, तीही मी बळकावली असं होईल. आणि गिऱ्हाईक बोललं तर काय, चार गोड शब्द. ते तर ती स्वतःच दिवसभर बनवते.

बाई म्हणतात, ‘तुम्हाला खरंच वाटतं का, की तिला ओळखू आलं नाही?’

‘कशावरून येईल? एक अक्षर माझं नाही. सगळं तुमचं.’

बाई म्हणाल्या, बरं.

१ एप्रिल, बुधवार

पंचाईत! निरोप आला: ‘काकू, तुमचं उत्तर नाही, म्हणजे मी जास्त बोलले. असो. शनिवारी मी स्वतः येते खुर्ची न्यायला. एवढ्यासाठी कुणाकडे जात नाही, पण तुमच्याकडे येते.’

बाई म्हणाल्या, माझ्याकडे आणून ठेवा. दोघींनी खुर्ची उचलली आणि पहिल्या पायरीवर माझा गुडघा आणि त्यांची कंबर एकदमच बोलली. खुर्ची परत जागेवर. वर टेबलावरची चादर टाकून ठेवलीय. तिच्याखाली कुणीतरी बसल्यासारखं दिसतं.

५ एप्रिल, रविवार

ती आली आणि गेली. आता सांगते, नीट उतरवा.

काल अकराला बेल वाजली. माझी. पत्ता वरचा दिलेला, तरी वाजली माझीच. दारात खारू, खांद्यावर हत्यारांची पिशवी, काखेत वेताचं बंडल. वाळलीय.

‘आजी, तुमच्या इमारतीतल्या एका काकूंची खुर्ची न्यायची होती. त्या घरात नाहीत वाटतं.’

‘वर जाऊन आलीस?’

‘नाही.’ आत येऊन तिने चादर उचलली. ‘हीच ना त्यांची?’

‘हो. इथेच ठेवून गेल्या. त्यांची कंबर धरलीय.’

‘मग इथेच विणते. रागावणार नाहीत ना?’

‘नाही. भली बाई आहे. जरा शिष्ट आहे, पण भली.’

‘मांजर कुठेय त्यांचं?’

‘फिरायला गेलंय.’

तिने ओठ चावले. कामाच्या विचारात असली की चावते.

सात पट्ट्यांसाठी अख्खी बैठक काढावी लागली, अर्धी जुनी अर्धी नवी टिकत नाही. न्हाणीघरातल्या बादलीत वेत भिजत घातला. आधी उभ्या, मग आडव्या, ती वरून घालायची आणि मी खालून धरायची. चार हात लागले तर एका दिवसाचं काम. बोललो ते कामाचंच. ‘खुंटी दे.’ ‘चकचकीत बाजू वर.’ ‘हात मागे घे.’ तिने स्वतःहून सांगितलं की बारा खुर्च्या उसवल्या. मी म्हटलं, ‘अस्सं?’ जणू मला नवीनच. रात्रीचं जेवण झाल्यावर ती माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली, लहानपणी झोपायची तशी, गुडघे पोटाशी.

आज सकाळी तिरप्या घालायला घेतल्या. पहिली झाली. दुसरी सुरू केली आणि तिच्या हाताचा वेग कमी झाला.

‘आजी, या काकूंना मी एक गोष्ट लिहिली होती. घरातल्या कुणाला न सांगितलेली.’

‘बरं.’

‘त्या काहीच बोलल्या नाहीत. दहा दिवस झाले.’

‘अक्षर येत नसेल बिचारीला.’

‘असेल.’ तिने पट्टी उभ्यांच्या वरून नेली, बरोबर नेली. ‘पण तुझ्या ओळखीच्या आहेत ना? तू सांग. काय म्हणायला हवं होतं त्यांनी?’

मी खुर्चीच्या खाली होते, तिचं तोंड मला जाळीच्या भोकांतून दिसत होतं. इतके दिवस जे सापडलं नव्हतं ते तोंडात आलं. मी म्हटलं, ‘सामान घेऊन ये म्हणायला हवं होतं.’

तिने पट्टीचं टोक पुढच्या भोकातून खाली दिलं.

‘त्यांच्याकडे जागा आहे?’ ती म्हणाली.

‘एकटी बाई. जागाच जागा.’

‘पण माझं काम तिकडे आहे.’

‘मग नुसतं ये म्हणायला हवं होतं. सामानाचं नंतर बघता आलं असतं.’

पाण्याचा एक थेंब जाळीतून माझ्या मनगटावर पडला. भिजलेला वेत गळतोच. मी पुसला नाही. ती म्हणाली, ‘ओढ, आजी, सैल पडतेय.’ मी ओढली.

दोनला काम झालं. चारच्या गाडीने ती गेली, उद्या कुणीतरी सोफा न्यायला येणार आहे म्हणे. दारात म्हणाली, ‘काकूंना सांग, दोन दिवस बसू नका, वाळू दे.’ माझी शाल तिने खांद्यावर घातली ती तशीच घेऊन गेली. परत मागायची का, असं बाईंनी विचारलं. बाईंना कोर्टात काय शिकवलं कोण जाणे.

तिला शेवटपर्यंत कळलं नाही, ती काकू मीच. कळलं असतं तर ओशाळली असती. म्हणून मीही काही दाखवलं नाही.

बाई टाइप करताना मान हलवतायत. हलवू द्या.

८ एप्रिल, बुधवार

‘जुनी खुर्ची’ला काही निरोप नाही. घरच्या पानावर काही नाही. समोरची खुर्ची वाळली. नवा वेत पिवळाजर्द असतो, माझ्या खुर्चीशेजारी ती पाहुणी वाटते. मी तिच्यावर वर्तमानपत्र ठेवते, वाचत नसले तरी.

बाईंना सांगितलं, ते दुसरं खातं बंद करा. त्या म्हणाल्या, विचार करा, मग कामाचं पान दिसणार नाही. मी म्हटलं, केला.

११ एप्रिल, शनिवार

दुपारी फोन वाजला. घरचं पान वाजतं तसा, त्याचा सूर वेगळा लावून दिलाय तिने. सहा महिन्यांनी त्या पानावर फोटो आला, खारूचा. म्हणजे तिने टाकलेला, ती त्यात नाही. वर्कशॉपचा कोपरा. घडीची खाट उलगडलेली, तिच्यावर माझी शाल. खिळ्याला टॉवेल. शेगडी, एक कप. ब्रशांचा डबा. खाटेखाली चपला. कामाच्या पानावर हे सगळं खुर्च्यांच्या मागे असायचं, इथे पुढे खुर्चीच नाही.

मुलगा बघेल, सून बघेल. बघू दे. त्यांचे फोन आता तिला जातील आणि तिला सगळ्यांना उत्तरं द्यावी लागतील, हे तिला ठाऊक असूनच तिने टाकलंय.

वर जाऊन बाईंना दाखवला. विचारलं, खाली काय लिहिलंय? त्या म्हणाल्या, काही नाही. एक अक्षर नाही. मग मी उगाचच वर चढले. सगळं मला वाचता येण्यासारखंच होतं.

एक गोष्ट तेवढी उमगत नाही. खाटेवर, शालीशेजारी, एक मोठी बॅग आहे. चेन उघडी, आत कपडे. ती भरतेय की रिकामी करतेय, ते फोटोत कळत नाही. तिकडेच नीट राहायचं ठरवलं असेल तरी बॅग अशीच दिसणार, आणि इकडे यायचं असेल तरी अशीच. मी फोन जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला. बाई म्हणाल्या, विचारा ना तिला.

विचारते. आजी म्हणून. पुढचं टाइप करू नका, बाई, तुम्ही जरा स्वयंपाकघरात जा. मला माइक दाबायचाय.